क्षयाच्या जंतूची अक्षरे

तुम्ही आता अक्षरे वाचावयास शिकला आहात. 'पाणी' ह्या शब्दातले पहिले अक्षर बदलले की 'वाणी' होतो. एका अक्षराने अर्थ कुठल्या कुठे जातो. म्हणून आपण प्रत्येक अक्षर नीट पाहून वाचतो.

ह्या पाठात आम्ही तुम्हाला निराळ्याच अक्षरांची माहिती सांगणार आहोत. ही अक्षरे कागदावर नसतात. ती माणसाच्या अंगात असतात, झाडात असतात, गुराढोरांत असतात आणि रोगाच्या जंतूंतही असतात. ती वाचण्याची विद्या माणसाला मिळाली, आणि तिचा एक मोठा उपयोग झाला. क्षयरोग, म्हणजे टी.बी., लवकर ओळखता येऊ लागला.

जुनी तपासणी

क्षय हा शाप आहे, मागल्या जन्मीचे पाप आहे, असे लोक म्हणत. कोणी म्हणत, हा रोग घराण्यातच असतो. हे सारे खोटे ठरले. २४ मार्च १८८२ ह्या दिवशी जर्मनीतल्या बर्लिन शहरात रॉबर्ट कॉक ह्या डॉक्टरांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. क्षय जंतूमुळे होतो आणि रोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे दुसऱ्याला लागतो.

तेव्हापासून रोग्याचा बेडका काचेच्या पट्टीवर पसरून, त्याला रंग देऊन, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी. एका मिलिलिटर बेडक्यात, म्हणजे सुमारे २० थेंबांत, साधारण १०,००० तरी जंतू असावे लागतात. तेव्हा कुठे ते नजरेस पडतात. त्याहून कमी असले तर रोग असूनही सापडत नाही.

दुसरी उणीव अधिक वाईट. जंतू दिसला, तरी तो कोणत्या औषधाने मरेल हे दिसत नाही. क्षयावर रिफाम्पिसिन नावाचे एक मुख्य औषध आहे. काही जंतूंना ते लागू पडत नाही. चांगला जंतू कोणता आणि हट्टी कोणता, हे नुसते पाहून कसे कळणार? दोघेही दिसावयास सारखेच!

मग जंतू वाढवून पाहावे लागत. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसेच. अंड्यापासून केलेल्या खाद्यावर बेडका टाकायचा, ऊब द्यायची आणि वाट पाहायची. पण क्षयाचा जंतू फार सुस्त. दुसरे पुष्कळ जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. ह्याला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे निकाल यावयास सहा-आठ आठवडे जात. तोवर रोगी लागू न पडणारे औषध घेत राही. त्याचे अंग वाळत जाई, आणि तोच हट्टी जंतू घरातल्या पोराबाळांना लागे. हा वेळ वाचवायचा कसा, हाच खरा प्रश्न होता.

चार अक्षरांची लिपी

प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबच लांब धागा असतो. त्याला डी.एन.ए. म्हणतात. त्याची ठेवण पिळलेल्या शिडीसारखी आहे. हे १९५३ साली इंग्लंडमध्ये वॉटसन आणि क्रिक ह्या दोघांनी दाखवले. रोझलिंड फ्रँकलिन ह्या बाईंनी क्ष-किरणांनी घेतलेली चित्रे त्या कामी फार उपयोगी पडली.

ह्या धाग्यावर चारच अक्षरे असतात. त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. शिडीच्या एका बाजूला ए असला तर समोर टी येतो. जी असला तर समोर सी येतो. जोड्या ठरलेल्या आहेत. म्हणून एक बाजू हाती असली की दुसरी बाजू बनवता येते. हे नीट ध्यानात ठेवा. पुढची सारी करामत ह्यावर आहे.

आता ही अक्षरे वाचायची कशी? फ्रेडरिक सँगर ह्या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९७७ साली एक चांगली रीत काढली. त्याने धाग्याच्या नकला करावयास घेतल्या. पण त्यात थोडी 'अडेल' अक्षरे मिसळली. असे अक्षर जोडले गेले की पुढे दुसरे जोडता येत नाही. नक्कल तिथेच थांबते. त्यामुळे कोणता तुकडा दहा अक्षरांवर थांबला, कोणता अकरावर, कोणता बारावर. मग हे तुकडे विजेच्या जोरावर एका दाट चिकट पदार्थातून पळवले. आखूड तुकडा पुढे जातो, लांब तुकडा मागे राहतो. सारे ओळीने लागले की प्रत्येकाचे शेवटचे अक्षर पाहात जायचे. वाचन झाले! ह्या कामाबद्दल सँगरला १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे ते दुसरे नोबेल. पहिले १९५८ साली मिळाले होते.

पुढे १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ह्या कामाचे यंत्र झाले. चार अक्षरांना चार रंग दिले आणि रंग पाहून यंत्रच वाचू लागले. मग १९९८ साली इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी क्षयाच्या जंतूची सगळी पोथी वाचून छापली. तिच्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आहेत.

रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंचीही अक्षरे पाहिली गेली. तेव्हा असे आढळले की, बहुतेक हट्टी जंतूंत बदल एका ठराविक जागी असतो. ती जागा अवघ्या ८१ अक्षरांची आहे. त्यातले एखादे अक्षर बदलले की औषध चालत नाही. पाण्याचा वाणी होतो, तसेच हे!

एकाचे दोन, दोनाचे चार

पण बेडक्यात जंतू थोडेच असले तर ती जागा सापडावी कशी? त्यासाठी जंतूंऐवजी त्यांची अक्षरेच वाढवायची, ही युक्ती निघाली. अमेरिकेतल्या कॅरी मलिस ह्या शास्त्रज्ञाला ती १९८३ साली रात्री मोटार हाकताना सुचली. तिला पी.सी.आर. म्हणतात. १९९३ साली त्याला नोबेल मिळाले.

रीत अशी आहे. धागा तापवला की शिडीच्या दोन बाजू सुट्या होतात. थोडा निववला की त्यावर दोन छोटे तुकडे येऊन बसतात. हे तुकडे मुद्दाम बनवलेले असतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसे ते क्षयाच्या जंतूच्या अक्षरांनाच लागतात. मग एक विकर, म्हणजे पेशीतला कारागीरच म्हणा ना, पुढची अक्षरे जोडतो. एका धाग्याचे दोन झाले. पुन्हा तापवा, चार झाले. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तसाच हा हिशेब. दहा फेऱ्यांत १,०२४. वीस फेऱ्यांत दहा लाखांवर. तीस फेऱ्यांत १०७ कोटींवर!

एक अडचण होती. इतक्या उष्णतेत कारागीर निकामी होई. दर फेरीला नवा घालावा लागे. तिचा उपाय आधीच सापडलेला होता. अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या रानात कढत पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे वज्रेश्वरीला ऊन पाण्याची कुंडे आहेत, पण ते झरे त्याहून कितीतरी कढत. त्या पाण्यात राहणारा एक जंतू थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी ह्यांनी शोधला आणि १९६९ साली त्याला नाव दिले. त्याचा कारागीर उष्णतेला भीत नाही. तोच पी.सी.आर.च्या कामी आला. झऱ्यातला जंतू शोधणाऱ्यांना तेव्हा काय ठाऊक, की ह्याचा उपयोग खोकणाऱ्या माणसाला होईल!

यंत्र दवाखान्यात आले

हे सारे काम करणारे एक पेटीवजा यंत्र निघाले. त्याला जीनएक्स्पर्ट म्हणतात. आपल्या दवाखान्यांत त्याला सीबीनॅट असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये ते वापरण्याची शिफारस केली. बेडका एका औषधात मिसळून प्लॅस्टिकच्या डबीत घालतात. डबी यंत्रात ठेवली की झाले. एका मिलिलिटरमध्ये शे-सव्वाशे जंतू असले तरी यंत्राला सुगावा लागतो. त्या ८१ अक्षरांवर बसणारे पाच चमकणारे तुकडे डबीत असतात. अक्षरे बरोबर असली तर पाचही चमकतात. एखादा चमकला नाही तर समजावे, अक्षर बदलले आहे, औषध बदलावयास हवे. दोन तासांच्या आत निकाल!

पण ह्या यंत्राला अखंड वीज आणि थंडावा लागतो. खेड्यात ते कुठून आणावे? तेव्हा आपल्या गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे यंत्र पुढे आले. ते लहान आहे आणि बॅटरीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याचीही शिफारस केली.

आपण काय करावे?

यंत्र कितीही हुशार असले तरी बेडका आपणच द्यावयाचा असतो. तोंडातली नुसती थुंकी दिली तर यंत्राला जंतू कसा मिळणार? म्हणून सकाळी उठल्यावर चूळ भरावी, खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून बेडका काढावा. डबी घट्ट लावावी. हे काम उघड्यावर, माणसांपासून दूर करावे.

आणखी एक गोष्ट. मेलेल्या जंतूंची अक्षरेही काही काळ शरीरात उरतात. म्हणून औषध चालू झाल्यावर गुण आला की नाही, हे ह्या यंत्राने पाहात नाहीत. त्यासाठी जुने सूक्ष्मदर्शक यंत्र आणि जंतू वाढवून पाहणे हेच कामास येते. जुने टाकून द्यावयाचे नसते, ते असे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर सरकारी दवाखान्यात जावे. तिथे क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. रोग्याला पोषणासाठी सरकारने २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देणे सुरू केले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. यंत्रात जंतू सापडला नाही आणि खोकला तर जात नाही, असे झाले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडू नये. अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात आणि हट्टी जंतू मागे राहून वाढतात. ते एक बदललेले अक्षर मग आपल्या घरातल्या माणसांकडे जाते. ते जाऊ न देणे आपल्या हाती आहे.