हमीभाव सोयाबीन खरेदी : ओलावा, बारदाना आणि केंद्राची पारख

२०२५-२६ हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पण हा भाव हातात पडायचा तर माल खरेदी केंद्रावर पास व्हावा लागतो, आणि तिथे सर्वांत जास्त वाद होतात ते ओलाव्यावरून.

नियमाप्रमाणे ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला की मळणीनंतर १५ ते १८ टक्के ओलावा सहज सापडतो. माल वाळवला तर वजन किती घटेल, हा हिशेब घरीच करा. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये कोरडा भाग ८५ किलो असतो. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन साधारण ९६.६ किलो भरते. म्हणजे घट साडेतीन किलोच्या आत. हमीभावाने या मालाचे सुमारे ५,१४५ रुपये होतात. व्यापारी ओल्या मालाला ४,२०० देत असेल तर ताडपत्रीवर दोन-तीन दिवसांचे ऊन देणे परवडते. फक्त घरात जागा हवी आणि उसनवारीचा तगादा नको. अडचण खरी तिथेच आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. जादा ओलाव्याचा भुर्दंड राज्याने सोसायचा, अशी अट होती. सूट योग्यच होती, पण खरेदी आधीच सुरू झाली होती आणि तोवर गरजूंनी माल बाजारात विकून टाकला होता. अशी सवलत काढणीआधी जाहीर व्हायला हवी.

केंद्रावरचा ग्रेडर एवढा कडक का, हेही समजून घ्या. संस्थेने घेतलेला माल पुढे गोदामात जातो. तिथे तो नाकारला गेला तर परत आणण्याचा खर्च संस्थेवर पडतो, आणि गोदामाची पावती मिळाल्याशिवाय पैशाची फाईल पुढे सरकत नाही. म्हणून ग्रेडर शंका आली की तुमचा माल परत पाठवतो. एकाच नमुन्याची तपासणी केंद्रावर, दोघांसमोर आणि प्रमाणित मीटरवर झाली, आणि तीच गोदामाने मान्य केली, तर हा वाद बराच मिटेल. आमच्या मते राज्याने पहिली सुधारणा हीच करावी.

दुसरी गोष्ट बारदान्याची. २०२४-२५ मध्ये पोती नाहीत म्हणून अनेक केंद्रांवर काटा थांबला. नंतर मुदत वाढवत नेली, तरी नोंदणी केलेल्या अनेकांचा नंबर लागलाच नाही. पेरणीचे आकडे ऑगस्टमध्येच हाती असतात. पोत्यांची मागणी तेव्हाच नोंदवता येते. दिवाळीनंतर निविदा काढून काय उपयोग?

हंगाम संपला की किती लाख टन खरेदी झाली हे सांगितले जाते. तेवढ्यावरून खरेदीची पारख होत नाही. नोंदणी केलेल्यांपैकी कितीजणांचा माल घेतला, एसएमएस आल्यापासून काट्यापर्यंत किती दिवस गेले, खात्यात पैसे केव्हा आले, किती माल परत गेला आणि कोणत्या कारणाने, हे आकडे केंद्रनिहाय फलकावर लागले पाहिजेत. ग्रामसभेत ही मागणी करता येते.

तुमच्याकडून : ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर नोंदणी अडते. आधारशी जोडलेले खाते चालू आहे ना, ते बघा. हेक्टरी खरेदीची मर्यादा जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरते, तेव्हा गाडी भरण्याआधी ती विचारून घ्या. माल चाळणी मारूनच न्या. शक्य असेल तर गावातल्या शेतकरी कंपनीच्या मीटरवर आधी ओलावा मोजा. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-खालून मूठभर दाणे काढून मिसळा. एकाच पोत्याचा वरचा दाणा नेहमी कोरडा दाखवतो.

माल नाकारला तर मीटरवरचा आकडा आणि कारण लिहून मागा. लिहून देत नसतील तर तारीख, वेळ टाकून जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माल घेतला तर काटापावती हातात आल्याशिवाय केंद्र सोडू नका.