रुग्णालयातील माणसे

वैद्यकीय शिक्षणात आपण शरीररचनेपासून शल्यक्रियेपर्यंत सारे शिकतो. परंतु रुग्णालय थाटल्यावर ज्या दहा-पंधरा माणसांच्या हातून काम व्हायचे, त्यांना कसे वागवावे हे कोणी शिकवत नाही. वेळेवर पगार दिला की कर्तव्य संपले, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो.

हा समज अपुरा आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले. आपली दखल घेतली जाते ही भावना आणि सहकाऱ्यांशी असलेले नाते यांचाही कामावर मोठा परिणाम होतो, असा अर्थ एल्टन मेयो यांनी त्यांतून काढला. या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. विचार मात्र रुजला.

त्याचा प्रत्यय आपल्या सुरतेनेच दिला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी सहा विभागांच्या प्रमुखांना स्वतःचे अधिकार दिले, अधिकाऱ्यांना वातानुकूलित दालनांतून रोज रस्त्यावर आणले आणि दुपारच्या बैठकीत दिवसाचे प्रश्न सोडवले. शिस्त कडक होती; पण विश्वासही होता. कर्मचारी बहुतांशी तेच असताना १९९६ मध्ये ‘इंटॅक’ने सुरतेला देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले.

आपल्या व्यवसायात तर हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. बालकाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते; दशांश चिन्ह एक घर सरकले तर ती दहापट होते. ते बहुधा प्रथम दिसते औषध भरणाऱ्या सिस्टरला. ‘सर, ही मात्रा पुन्हा पाहता का?’ असे विचारण्याचे धैर्य तिला होईल की नाही, हे काल आपण तिच्याशी कसे बोललो यावर अवलंबून असते.

म्हणून माझ्या रुग्णालयात मी काही पथ्ये पाळतो. दोष एकांतात दाखवावा, कौतुक सर्वांसमोर करावे. शंका विचारणाऱ्याचे, शंका निराधार ठरली तरी, आभार मानावेत. सफाई करणाऱ्या आयालाही नावाने हाक मारावी आणि सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत तिचेही म्हणणे ऐकावे.

यास खर्च काहीच नाही. थोडा अहंकार मात्र बाजूला ठेवावा लागतो. भ्यालेला कर्मचारी आज्ञा पाळतो, पण धोका दिसला तरी गप्प राहतो. त्या मौनाची किंमत आपण नव्हे, खाटेवरचे मूल मोजते.