फिरून लिहिण्यावर पोट भरतं का?

गावोगाव फिरायचं, नवं नवं खायचं, पाहिलेलं सगळं लिहायचं आणि त्याचे पैसेही मिळवायचे! असं काम कुणाला आवडणार नाही? पण घरी सांगून पाहा. आई लगेच विचारील, "अन् खाशील काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. चला, त्याचं उत्तर शोधू या.

गोडसे भटजींची कमाई

कोकणात पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे 1857 साली घराबाहेर पडले, ते मजा म्हणून नव्हे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथं दक्षिणा मिळेल, अशी बातमी त्यांना लागली होती. काकांना सोबत घेऊन ते पायी उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. 1858 साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते झाशीतच होते. मिळवलेलं धन लुटारूंनी नेलं. भटजी घरी परतले, ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन!

म्हणजे प्रवास तोट्यातच गेला की! पण पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून काढलं. वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावानं 1907 साली छापलं. तोवर भटजी हयात नव्हते. छापलेलं पुस्तक त्यांना पाहायलाही मिळालं नाही. आज मात्र झाशीच्या राणीबद्दल वाचायचं म्हटलं, की अभ्यासक हे पुस्तक उघडतात. दक्षिणा लुटली गेली. लिहिलेलं तेवढं टिकलं.

आधी नोकरी, मग लेखणी

पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' घरोघरी वाचलं गेलं. पण पुलं नाटकं लिहीत, त्यांनी आकाशवाणीत नोकरीही केली. 'माझं लंडन' लिहिणाऱ्या मीना प्रभू डॉक्टर होत्या. केवळ प्रवासवर्णनं लिहून घर चालवणारे मराठी लेखक शोधायला गेलं, तर हाताची बोटंही जास्त होतील. ज्याचं पोट दुसऱ्या कामावर भरतं, त्याला लिहिताना कुणाची भीड बाळगावी लागत नाही, हा त्यातला फायदा.

इंटरनेटवरची वही

आता इंटरनेटवर कुणीही आपलं लिखाण टाकू शकतं. त्याला ब्लॉग म्हणतात. म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी आपली वही! छापखाना नको, संपादकाची वाट पाहणं नको. पण वाचणाऱ्याला ते फुकट मिळतं. मग लिहिणाऱ्याला पैसे कुठून? एक तर शेजारी झळकणाऱ्या जाहिरातींतून. त्यासाठी वाचक ढिगानं लागतात आणि मराठी वाचक इंग्रजीइतके नाहीत. दुसरी वाट म्हणजे एखादं हॉटेल फुकट राहायला बोलावतं आणि लेखक त्याचं कौतुक लिहितो.

इथंच खरी मेख आहे. ज्याचं मीठ खाल्लं, त्याची डाळ कच्ची होती हे लिहिणार कसं? म्हणूनच जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनं 2021 साली नियम केला, की मोबदला घेऊन लिहिलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. वाचकाचा विश्वास एकदा गेला की लेखकाची सगळी पुंजीच गेली.

मग फुकट लिहू नये का? जरूर लिहावं. त्यानं हात वळतो, चार लोकांना नाव कळतं, पुढे एखादं मासिक किंवा प्रकाशक विचारतो. गवई रियाज करतो, त्याचे पैसे कोण देतं? फक्त एवढ्याच भरवशावर नोकरी सोडू नये, इतकंच!

आपल्या जिल्ह्यातले प्रवासी

आता आपल्या बीडकडं पाहा. दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. गोडसे भटजीही कर्ज फेडायलाच निघाले होते, नाही का? आईबापांबरोबर गेलेली मुलं पाडव्याच्या आसपास वर्गात परत येतात. तेव्हा मी त्यांना विचारते, "काय काय पाहिलंत रे?" मग कृष्णेचं पाणी, कोपीतली थंडी, पहाटे ट्रॅक्टरवर लागलेली गाणी, कानडी दुकानदाराशी खुणांनी केलेला सौदा, असं काय काय बाहेर येतं! ऐकणारी मुलं डोळे विस्फारून बसतात. पण हे सारं वहीत कुणाच्याच नसतं.

पालकांनो, मुलांबरोबर शाळा हवीच. पण जावंच लागलं, तर सामानात एक वही आणि पेन्सिल नक्की टाका.

आणि मुलांनो, रोज पाचच ओळी लिहा. तारीख, गावाचं नाव, काय खाल्लं, कशाला किती पैसे पडले आणि कोण काय बोललं. जत्रेला गेलात, मामाच्या गावाला गेलात, तरी हेच करा. पाहिलं तेवढंच लिहा, तिखटमीठ लावू नका. याचे पैसे आज मिळणार नाहीत, कदाचित कधीच मिळणार नाहीत. पण तुम्ही कुठून गेलात आणि काय सोसलंत, हे पुढच्यांना तुमच्याच शब्दांत कळेल.

मग कधी सुरुवात करताय?