क्लूनीची स्तंभशीर्षे

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात क्लूनी मठाच्या तिसऱ्या चर्चचे बांधकाम १०८८ मध्ये आरंभिले गेले. सुमारे १८७ मीटर लांबीची ही वास्तू, रोमचे नवे सेंट पीटर चर्च उभे राहीपर्यंत, ख्रिस्ती जगतात सर्वांत मोठी होती. राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये ती विकली गेली आणि १८२३ पर्यंत घडीव दगडांसाठी पाडली जात राहिली.

वेदीमागील अर्धवर्तुळातील स्तंभांची आठ शीर्षे मात्र वाचली. त्यांपैकी दोहोंवर स्तोत्रगायनाचे आठ स्वरप्रकार मानवाकृतींनी दर्शविले असून प्रत्येकीसमवेत लॅटिन पद्यपंक्ती कोरलेली आहे. चौथ्या प्रकाराची आकृती घंटा घेऊन उभी आहे; पंक्ती नसती तर तिला कोणीही सामान्य वादकच समजले असते. अक्षर येथे अलंकार नव्हे, अर्थाचा आधार होय.

१९२८ पासून उत्खनन करणाऱ्या केनेथ कॉनंट यांनी ही शीर्षे अकराव्या शतकाच्या अखेरची मानली. इतर काही अभ्यासक ती बाराव्याच्या दुसऱ्या दशकातील ठरवितात. हा वाद वीस-पंचवीस वर्षांचाच खरा. परंतु वेझले व ओतँ येथील शिल्पकारांनी क्लूनीपासून धडा घेतला, की ते तिचे जवळजवळ समकालीनच होते, हे त्यावरच अवलंबून आहे.