दुःखातले दोन ठिपके

‘अंतःकरण’ असे नाव देऊन विंडोजवर एखादी फाइल साठवून पाहा. विसर्ग खरा असेल, तर फाइल निमूट साठते. त्याच जागी इंग्रजी कळफलकावरचा कोलन टाइप केला, तर ते नाव घेतलेच जात नाही. विंडोजमध्ये ‘सी’, ‘डी’ या ड्राइव्हच्या अक्षरांपुढे कोलन येतो. तो राखीव असल्याने फाइलच्या नावात त्याला मज्जाव आहे. डोळ्यांना एकच दिसणारे दोन ठिपके संगणकाला मात्र दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

त्या वेगळ्या आहेतच. विसर्ग हा वर्णमालेतला ध्वनी आहे. ‘अं, अः’ म्हणताना आपण तो उच्चारतो. ‘दुःख’मधला ‘ख’ जोर देऊन येतो, तो विसर्गामुळे. कोलन, म्हणजे अपूर्णविराम, हे विरामचिन्ह. मराठीत विरामचिन्हे रुजली ती १९व्या शतकात, छापील गद्याबरोबर. मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा. कागदावर दोघांची गल्लत झाली, तरी वाचणारा संदर्भाने सावरून घेई.

संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहतो. कोलनचा क्रमांक ५८. तो अमेरिकी आस्की संकेतावलीतून आला. विसर्गाचा २३०७, तो युनिकोड या संकेतावलीतला. भारतीय लिप्यांसाठी आखलेल्या १९८८च्या इस्की संकेतावलीची मांडणी युनिकोडने १९९१मध्ये आधाराला घेतली. तिथे देवनागरीला दिलेल्या १२८ जागांमध्ये चंद्रबिंदू, अनुस्वार आणि विसर्ग शेजारी शेजारी बसले आहेत. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, कोलन १. द, उकार, विसर्ग आणि ख मिळून ‘दुःख’ १२ बाइटचे होते. कोलन घातलेले ‘दु:ख’ १० बाइटचे. म्हणून साध्या शोधात एक लिहिले की दुसरे सापडत नाही. एखाद्या कवीच्या समग्र कवितांत हा शब्द किती वेळा आला, हे मोजायला बसलेल्या अभ्यासकाच्या हाती अशाने चुकीचा आकडा येतो.

मग माणसे कोलन का टाइप करतात? विसर्ग कुठे आहे, हे त्यांना कुणी दाखवलेले नसते. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून संयोगचिन्हाच्या कळीवर येतो. तिथे कोलनच्या नेहमीच्या कळीवर मात्र ‘छ’ आहे. त्यामुळे उलटी चूकही तितकीच होते: सूचनाफलकांवर ‘दिनांकः’, ‘विषयः’, ‘स्थळः’ असे विसर्ग लटकलेले दिसतात. विसर्गाला मागे अक्षर लागते. मोकळ्या जागेनंतर तो टाइप केला, की अनेक फॉन्ट त्याच्या मागे ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ काढतात. ते वर्तुळ म्हणजे हरवलेल्या अक्षराची जागा.

सगळे कोलन एका फटक्यात बदलून टाकावेत, असे कुणालाही सुचेल. पण तसे केले, तर ‘१०:३०’ या वेळेतही विसर्ग घुसेल. फक्त दोन मराठी अक्षरांमधलेच कोलन बदला असे सांगितले, तर ‘दु:ख’, ‘नि:शब्द’, ‘अंत:करण’ सुधारतात. खरी अडचण शब्दाच्या शेवटी आहे. ‘स्वत:’ आणि ‘सूचना:’ या दोहोंच्या शेवटी तोच कोलन. पहिल्या ठिकाणी विसर्ग हवा, दुसऱ्या ठिकाणी कोलनच बरोबर. ‘स्वतः’ हा शब्द आहे आणि ‘सूचनाः’ हा मराठी शब्द नाही, हे नुसत्या क्रमांकांवरून कळत नाही. त्यासाठी शब्द ओळखीचे असावे लागतात.

मुद्रितशोधक ते शब्द ओळखतात. छापील पानावर हे दोन ठिपके तपासण्याची त्यांना कधी गरज पडली नाही. आता शोधपेटीत कोलन टाकून एकेका जागी थांबणे, हा त्यांच्या कामाचा भाग व्हायला हवा. आज आपण साठवतो ती मराठी उद्याचे वाचक शोधूनच वाचणार आहेत. ‘दुःख’ शोधणाऱ्याला ते सापडले पाहिजे.