रांग सुरू कुठून होते?

तीस सप्टेंबर ही तारीख लातूर-नांदेडकडची माणसं विसरत नाहीत. १९९३ साली त्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. बरोबर तीस वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२३ला, नांदेडजवळच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. दोन दिवसांत आकडा ३१वर गेला. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, ती चित्रफीत देशभर फिरली; उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या गदारोळात प्रशासनाचा खुलासा मात्र कुणी नीट वाचला नाही. रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले, आसपासच्या जिल्ह्यांतून आले, खासगी दवाखान्यांनी हात टेकल्यावर आले, असं त्यात म्हटलं होतं. मंजूर खाटा पाचशेच्या आसपास आणि दाखल रुग्ण त्याच्या दुप्पट, हेही सांगितलं गेलं. खुलासा खोटा नव्हता, पण तो बचाव म्हणून मांडला गेला आणि बचाव म्हणूनच धुडकावला गेला. खरं तर त्यातच आरोप दडलेला होता: माणसं इतक्या लांबून आणि इतक्या उशिरा येतात, तर वाटेतल्या दवाखान्यांत काय घडतं?

याचं उत्तर रेणापूरसारख्या गावात सापडतं. लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, ‘ग्रामीण’ हा शब्द नावातच घेऊन १९७०च्या दशकात उभं राहिलेलं. दुसऱ्या अंगाला लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २००२ सालचं. राजकीय वजनही काही थोडं नव्हतं. रेणापूर नावाच्याच मतदारसंघातून गोपीनाथ मुंडे निवडून येत, आणि विलासराव देशमुखांचं बाभळगाव शेजारच्या तालुक्यात. एक उपमुख्यमंत्री झाले, दुसरे मुख्यमंत्री. तरी या पट्ट्यात वाढलं ते वरचं टोक. लातूरचं जुनं जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं आणि स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी तेव्हापासून लातूरकर करत राहिले. कागदावरची उतरंड मोठी नेटकी आहे: पाच हजार वस्तीला उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, लाख-सव्वा लाखाला तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, वर उपजिल्हा, जिल्हा आणि मग महाविद्यालय. लातुरात यातली जिल्ह्याची पायरीच निखळली. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीवर उभं राहायचं तर फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ लागतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या आकडेवारीप्रमाणे देशभरात या स्तरावर गरजेच्या मानाने सुमारे ऐंशी टक्के तज्ज्ञ कमी होते.

मग उरते चिठ्ठी. बाळंतपणात अडचण, लहान मुलाला दम, छातीत दुखणं: ‘लातूरला न्या’ असं लिहिलं की खालच्या दवाखान्याची जबाबदारी संपते. प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तीन मालकांच्या घरातून कागद वर जातो. खाली काय परत येतं, याची नोंद ठेवायला कुणी नाही. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आली, तिने जीव वाचवले, यात शंका नाही. पण तिने रुग्ण वर नेण्याचा वेग वाढवला, वर जागा वाढवली नाही. लातूरच्या केसपेपरच्या खिडकीपुढे सकाळी पिशवीत जुनी कागदपत्रं घेऊन उभी असलेली बाई त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. खिडकीनंतर ओपीडीची रांग, मग रक्त द्यायची रांग. रिपोर्ट हातात येईतो डॉक्टर उठलेले, म्हणजे उद्या पुन्हा यायचं. तिची चिडचिड नर्सवर निघते, नर्सची तिच्यावर.

यावर पहिला आक्षेप असा की, साध्या तापालाही लोक थेट मोठ्या दवाखान्यात धावतात, गर्दी त्यांनीच केलेली. यात थोडं तथ्य आहे. पण रेणापुरात तपासून पुन्हा लातूरला धाडलं जाणार असेल, तर दोन दिवसांऐवजी एकच दिवस बुडवणं हा शहाणा हिशेब आहे. त्याला अडाणीपणा म्हणणं हे हिशेब न करणाऱ्यांचं सुख. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पगार देऊनही तज्ज्ञ खेड्यात टिकत नाहीत. पण एकट्या सर्जनला तिथे नेमून करायचं काय? भूलतज्ज्ञ नसेल तर तो ओपीडीत सर्दी-खोकलाच तपासतो आणि वर्षभरात कंटाळून जातो. सगळीकडे एकेक पद भरल्याचं दाखवण्यापेक्षा जिल्ह्यात तीन-चार ठिकाणी पूर्ण चमू बसवला असता, तर निदान अवघड बाळंतपणं तिथेच झाली असती. हे करायला कुणी अडवलं नव्हतं. मात्र त्यासाठी बाकीच्या आमदारांना ‘तुमच्याकडे नाही’ असं सांगावं लागलं असतं.

तिसरा आक्षेप योजनेचा: गरिबाच्या उपचाराचे पैसे सरकार देतं, मग अडतं कुठे? राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. पुढे ती महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. हृदयाची, मूत्रपिंडाची महागडी शस्त्रक्रिया गरिबाला परवडू लागली, हे तिचं श्रेय कुणी हिरावू नये. पण योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाचे पैसे देते. रक्तदाब, साखर, गरोदरपणातला पांढुरका चेहरा यांसाठी दर महिन्याला जी साधी तपासणी आणि गोळी लागते, तिचं काम दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर चालतं. तिथे योजनेचं कार्ड चालत नाही.

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र दुसऱ्या विभागाची, म्हणून ती त्यातून बाहेर राहिली. त्यानंतर दीड महिन्याने विष्णुपुरीची बातमी आली. त्या आठवड्यात राज्यभर चर्चा औषधखरेदीची झाली, अधिष्ठात्यांची झाली, झाडूची झाली. आईला वेदना सुरू झाल्यापासून बाळ विष्णुपुरीला पोचेपर्यंत कुठल्या दारी किती तास गेले, हे त्या बारा बालकांच्या कागदपत्रांत शोधता आलं असतं. त्याची चर्चा झाली नाही.