पुण्याहून उडालेली लिबरेटर

लेखमाला : जुन्या पंखांची गोष्ट – भाग ६

मागच्या भागात ब्रिटनमधल्या डक्सफर्ड आणि ओल्ड वॉर्डन इथल्या संग्रहालयांबद्दल लिहिलं होतं. तिथे दर उन्हाळ्यात महायुद्धाच्या काळातली विमानं हँगरमधून बाहेर काढतात, इंजिनं सुरू करतात आणि लोकांसमोर उडवतात. त्यावर शिवाजी पार्क परिसरातल्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. २६ जानेवारीला आणि १ मेला आपल्या मैदानावर संचलन होतं, तेव्हा वरून एखादं जुनं डाकोटा वाहतूक विमान का जाऊ नये?

जाऊ शकतं. पण तेवढंच. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं आहे. ताशी २४० किलोमीटर वेगाने जाणारं डाकोटा सेकंदाला ६७ मीटर अंतर कापतं, म्हणजे मैदानाच्या वर ते पाच-सहा सेकंदच दिसेल. समुद्राकडून सरळ यायचं, ठरलेली उंची सोडायची नाही आणि निघून जायचं, याला फ्लायपास्ट म्हणतात. हवाई प्रात्यक्षिक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात विमान वळतं, चढतं, खाली येतं आणि पुन्हा पुन्हा प्रेक्षकांसमोरून जातं. त्यासाठी लोक एका बाजूला आणि विमानाची रेषा दुसऱ्या बाजूला, अशी मोकळी जागा हवी. लोकांच्या दिशेने वळायचं नाही आणि त्यांच्या डोक्यावर कसरत करायची नाही, हा या कामातला पहिला नियम. दादरमध्ये मैदानाच्या चारही बाजूंना माणसं राहतात. जानेवारी २०२४ मध्ये वायुदलाने मुंबईत प्रात्यक्षिकं केली ती मरीन ड्राइव्हला, कारण तिथे प्रेक्षक किनाऱ्यावर राहतात आणि विमानं समुद्रावर. आपल्याकडे तशी जागा म्हणायची तर दादर चौपाटी. तीही सकाळी, कारण दुपारनंतर पश्चिमेकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन येतं आणि विमान दिसेनासं होतं.

हा नियम कागदावरचा नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रिटनमधल्या शोरम इथे एक जुनं हॉकर हंटर वर्तुळाकार कसरत पूर्ण करू शकलं नाही आणि शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली. त्यातलं कुणीही प्रात्यक्षिकाच्या मैदानात नव्हतं, सगळी बाहेर रस्त्यावर होती. त्यानंतर तिथे जुन्या लढाऊ जेटना जमिनीवरच्या आकाशात कसरती करायला बंदी आली. हंटर हे आपल्याही वायुदलाचं विमान. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे ज्यांनी रोखले ती हीच विमानं. म्हणून शोरमची बातमी आपणही नीट वाचायला हवी. जुनी विमानं उडवावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर नक्कीच.

मात्र जागेपेक्षा अवघड प्रश्न पुढचा आहे. उडवायचं कोणतं विमान, आणि ते उडतं ठेवणार कोण? त्यासाठी दादरहून पुण्याला, लोहगावला जावं लागेल.

कॉन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. युद्धकाळात ही विमानं १८ हजारांहून अधिक बनली. दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन लष्करी विमानाची संख्या तिथवर पोचली नाही. ब्रिटिश वायुदलाला ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळाली होती, आणि युद्ध संपल्यावर ती लढण्याच्या स्थितीत दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायची नव्हती. कानपूरच्या तळावर ब्रिटिशांनी ती मुद्दाम निकामी केली. सांगाड्यांना भोकं पाडली, इंजिनांत वाळू घातली, उपकरणं फोडली आणि विमानं तशीच उघड्यावर सोडून दिली.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बर हवे होते आणि ते विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातली माणसं कानपूरला गेली आणि त्या ढिगातून धडधाकट भाग निवडू लागली. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचं शेपूट, तिसऱ्याची इंजिनं. जेमतेम उडेल एवढी डागडुजी तिथल्या तिथे करायची आणि खरी दुरुस्ती बंगळुरूला. मधलं अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. ही विमानं तिकडे उडवत नेली कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. चाकं वर घेतली आणि पुन्हा खाली आलीच नाहीत तर, म्हणून ती सगळ्या प्रवासात खालीच ठेवायची. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर उभी राहिली. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या कारागिरीच्या इतिहासातलं हे पहिलं मोठं प्रकरण आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला एक ओळही नाही.

ही विमानं पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून उडत राहिली. सहाव्या स्क्वाड्रनने समुद्रावरच्या टेहळणीसाठी ती वापरली, तीही १९६८ पर्यंत. अमेरिकेने आपली लिबरेटर युद्धानंतर लगेच वितळवली होती. लढाऊ सेवेत ती ठेवणारं जगातलं अखेरचं वायुदल भारताचं ठरलं. त्यामुळे परदेशातल्या संग्रहालयांना जेव्हा लिबरेटर हवं झालं, तेव्हा ते मागायला भारतात यावं लागलं. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या पिमा संग्रहालयात उभं असलेलं लिबरेटर १९६९ मध्ये पुण्याहून निघालं आणि उडत तिथे पोचलं. एक कॅनडाला गेलं, एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला मिळालं. आणखी एक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटं करून ब्रिटनला आणि तिथून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. त्यांनी ते पूर्ण नव्याने बांधलं, १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं आणि पुढची तीस वर्षं अमेरिकेतल्या गावोगावी लोकांना दाखवलं गेलं. जगात तेव्हा उडणारी लिबरेटर मोजकीच होती, आणि त्यांतलं हे एक आपल्या वायुदलातलं.

ती विमानं बाहेर गेली याचं मला वाईट वाटत नाही. गेली नसती तर त्यातली बहुतेक भंगारात गेली असती. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात एक लिबरेटर आजही उभं आहे, हेही खूप झालं. वाईट याचं वाटतं, की इंजिनातली वाळू काढून विमान उडवणारे हात आपल्याकडे होते, आणि ते हात निवृत्त झाले तेव्हा ती विद्या पुढच्या पिढीकडे गेली नाही. म्हणून आपलं डाकोटा दुरुस्त करायला आपल्याला ब्रिटनला जावं लागलं.

त्या डाकोटाची हकीकत अशी. तेव्हाचे राज्यसभा खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील वायुदलात डाकोटाचे वैमानिक होते. चंद्रशेखर यांनी परदेशात एक मोडकळीला आलेलं डाकोटा विकत घेतलं आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथे ते स्वखर्चाने दुरुस्त करून घेतलं. वायुदलाला भेट देण्याचा त्यांचा प्रस्ताव आधी नाकारला गेला होता. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला पोचलं आणि मे महिन्यात हिंडनच्या तळावर दाखल झालं. नाव ‘परशुराम’, क्रमांक व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ची आठवण म्हणून दिलेला आहे. त्या सकाळी डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवले. काश्मीरवर चालून आलेले टोळीवाले तेव्हा बारामुल्लापर्यंत आले होते. श्रीनगर वाचलं ते या विमानांमुळे, हे म्हणणं अतिशयोक्तीचं नाही. वायुदलाच्या व्हिंटेज ताफ्यात डाकोटाखेरीज टायगर मॉथ आणि हार्वर्डही आहेत. टायगर मॉथ २०१२ च्या वायुदल दिनी पुन्हा उडालं.

उडतं ठेवायचं म्हणजे रोज काय करायचं, हे थोडं तपशिलात सांगतो. डाकोटाला प्रत्येकी १४ सिलिंडरची दोन इंजिनं असतात आणि सिलिंडर ताऱ्यासारखे गोल मांडलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल झिरपून तळाच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच इंजिन सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी माणसं पंख्याची पाती हाताने ओढून इंजिन फिरवतात आणि कुठे अडतं का ते हातांनाच कळतं. टायगर मॉथचं अंग लाकडी-धातूच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचं. त्यावर रोगणाचे थर चढवून ते घट्ट करतात, आणि दमट हवेत ते कापड खराब होतं. दोन्ही विमानांची शेपटी जमिनीला टेकलेली, त्यामुळे धावपट्टीवर वैमानिकाला नाकासमोरचं दिसत नाही. आजच्या जेटवर शिकलेल्या वैमानिकाला ही चाल नव्याने शिकावी लागते, आणि सवय टिकवायला वरचेवर उडावं लागतं. कसरती सौम्य ठेवायच्या, कारण ऐंशी वर्षांच्या धातूला थकवा आलेला असतो. हे सगळं लक्षात घेतलं तर असा ताफा मुंबईत ठेवणं मला योग्य वाटत नाही. जुहूची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ॲल्युमिनियमला गंज चढवतो. मुंबईत त्यांनी पाहुणे म्हणून यावं. तसं जुहूने पाहिलेलंही आहे. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी ७८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून जुन्या लेपर्ड मॉथमधून आपल्या १९३२ च्या पहिल्या टपाल-उड्डाणाची पुनरावृत्ती करत तिथे उतरले होते.

धातू शाबूत असूनही विमान जमिनीवर येतं, याचं ठळक उदाहरण ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बरचं. लोकांच्या देणग्यांवर ते २००७ मध्ये पुन्हा उडालं. २०१५ मध्ये त्याची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, कारण ते विमान जाणणारे अभियंते निवृत्त होत चालले होते. तिथेच उड्डाण थांबलं.

मुंबईला तर उभं संग्रहालयही टिकवता आलं नाही. विमानवाहू जहाज विक्रांतवरून १९७१ मध्ये सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाववर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी जहाज निवृत्त झालं आणि संग्रहालय म्हणून मुंबईत ठेवलं गेलं. शाळांच्या सहली त्याच्या डेकवर जात. पण पाण्यात उभ्या जहाजाला दर काही वर्षांनी गोदीत घेऊन तळ दुरुस्त करावा लागतो, आणि तो खर्च कायमचा कुणी उचलायचा हे कधी ठरलंच नाही. २०१२ मध्ये ते लोकांसाठी बंद झालं आणि २०१४ मध्ये दारुखान्यात तोडायला गेलं. सी हॉक आणि अलिझे पाहायचं तर आता गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जावं लागतं. दादरकरांना त्यातल्या त्यात जवळ आहे ते वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं मारुत. मुलांना घेऊन जरूर जा. भारतात आखून बांधलेलं ते पहिलं लढाऊ जेट आहे.

पण पुन्हा उडवण्यासाठी विमान निवडायचं तर मारुतच्या आधीचं एक विमान माझ्या यादीत सर्वांत वर आहे. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले, बंगळुरूला परतले आणि त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडवलं जमशेद मुन्शींनीच, म्हणजे कानपूरची लिबरेटर नेणाऱ्या त्याच वैमानिकाने. वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे या विमानावर गिरवले. बांधणी साधी, वेग कमी, एकच इंजिन. प्रात्यक्षिकात उडवायला याहून सोयीचं भारतीय विमान नाही. हंटरसारख्या जेटचा मोह सोडून पैसा आणि माणसं एचटी-२ वर लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मिग-२१? २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. ही विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती बांधणारे अनेक हात आज नाशिक, निफाड, पिंपळगावच्या घरांत निवृत्त आयुष्य जगत आहेत. एवढ्या वेगाने उतरणारं विमान प्रदर्शनासाठी उडवू नये. पण ब्रिटनमध्ये ब्रंटिंगथॉर्पला लाइटनिंग जेट नुसती धावपट्टीवर, पूर्ण ताकदीने इंजिन चालवून धावडवत, तसं ओझरच्या लांब धावपट्टीवर करता येईल. त्यासाठी एक मिग भंगारात न काढता तेल-पाण्यासह जपावा लागेल, सुटे भाग आताच बाजूला काढावे लागतील, आणि त्या जुन्या कारागिरांना बोलावून तरुण तंत्रज्ञांना त्यांच्या शेजारी उभं करावं लागेल. सत्तरीतल्या माणसांना थांबायला सांगता येत नाही. हे काम येत्या दोन-तीन वर्षांत सुरू व्हायला हवं.

पुढच्या आठवड्यात : पालमच्या संग्रहालयातली वापिती, हरिकेन आणि स्पिटफायर.